स्पीकर बिघडला की कान?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने स्पीकर खाली येतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली लाकडी खोक्यांची जोडी, वर धुळीचा जाड थर. वायर जोडली की गाणे वाजू लागते, पण डावीकडून आवाज क्षीण येतो किंवा तबल्याच्या ठेक्याबरोबर काहीतरी खरखरते. कोपऱ्यावरचे दुरुस्तीचे दुकान कधीच बंद झालेले असते आणि भंगारवाला तर दारातच उभा! वास्तविक अशा स्पीकरचे बरेच दोष घरच्या घरी शोधता येतात, काही दुरुस्तही करता येतात. मात्र एखादा दोष खोक्यात नसून ऐकणाऱ्यात असू शकतो, याचे भान सुरुवातीपासून हवे.

डॉक्टर दुखरा गुडघा तपासताना शेजारचा चांगला गुडघाही पाहतात. तोच नियम इथे लावायचा. अॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करायची आणि तेच गाणे पुन्हा लावायचे. क्षीण आवाज आता उजवीकडून येऊ लागला, तर स्पीकर निर्दोष आहे. दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. कित्येकदा बॅलन्सचे बटण एका बाजूला फिरलेले असते, एवढेच. आवाज डावीकडेच क्षीण राहिला, तर तो स्पीकर किंवा त्याची वायर संशयित. आपल्याकडच्या दमट हवेत तांब्याच्या तारेची टोके काळी-हिरवी पडतात. अर्धा इंच तार कापून, नवे टोक सोलून घट्ट बसवले की काही स्पीकर तेवढ्यावरच बरे होतात.

खोके उघडायचे, तर आधी त्याला विजेची स्वतंत्र वायर आहे का, ते पाहावे. ज्याला फक्त दोन तारा येतात, तो साधा स्पीकर अॅम्प्लिफायरपासून सोडवला की त्यात धोक्याचे फारसे काही उरत नाही. पण संगणकाचे स्पीकर, साउंडबार, होम थिएटरचा वूफर यांच्या पोटात अॅम्प्लिफायर आणि वीजपुरवठ्याचे सर्किट असते. घरातली २३० व्होल्टची वीज तिथे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत पोहोचू शकते आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहते. असे खोके जाणकाराकडेच न्यावे. ‘प्लग तर काढला होता’ हे वाक्य अपघात विभागात काही कामाचे नसते. दुसरी सूचना पेसमेकर बसवलेल्यांसाठी : स्पीकरच्या मागे जड चुंबक असतो, तो छातीपासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. मांडीवर खोके घेऊन, वाकून स्क्रू काढणे त्यांनी टाळलेलेच बरे.

आतली रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेला आराखडा आजही ओळखता येतो. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तिच्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ती पुढे-मागे हलते आणि तिला चिकटलेला कागदी शंकू हवा ढकलतो. या शंकूला दुकानदार ‘कोन’ म्हणतात. खालचे स्वर मोठ्या कोनाचा वूफर काढतो, वरचे स्वर छोटा ट्वीटर.

वूफर तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. वूफरच्या दोन्ही तारा सोडवून त्या सेलच्या टोकांना क्षणभर टेकवायच्या. ‘टक्’ असा आवाज होऊन कोन हलला, तर गुंडाळी जिवंत आहे. मल्टिमीटर असेल तर अधिक नेमके कळते. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो, आणि त्यात काळजीचे काही नाही. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तार कुठेतरी तुटली आहे. कोनाकडे जाणारी मऊ विणलेली तार हलून हलून तुटते, ती सोल्डरने जोडता येते. आतली गुंडाळीच जळाली असेल, तर भाग बदलावा लागतो. ट्वीटर मोजताना अनेकांची फसगत होते. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि त्यामुळे धडधाकट ट्वीटरही मीटरवर मेलेला दिसतो. एक तार सोडवून मगच मोजावे. जुना कपॅसिटर सुकला असेल, तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा नवा लावावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास तो सहज मिळतो.

खरखरीचे कारण बहुतेक वेळा उघड्या डोळ्यांना दिसते. कोनाच्या कडेला फोमची रिंग असते. ती पंधरा-वीस वर्षांत ओलाव्याने कुजते, बोट लावताच तिचा भुगा होतो. (रबराची रिंग बरीच जास्त टिकते.) मापाची नवी रिंग आणून चिकटवता येते, पण हे काम सावकाशीचे आहे. जुना फोम आणि गोंद खरवडून काढायचा. दम्याच्या रुग्णांनी मास्क लावावा. नवी रिंग आधी कोनाला चिकटवायची, ती पक्की झाली की बाहेरच्या चौकटीला. गोंद ओला असतानाच दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून कान द्यायचा. घासल्याचा आवाज आला, तर गुंडाळी मध्यभागी नाही. रिंग किंचित सरकवून पुन्हा पाहायचे. खिडक्या उघड्या हव्यात, गोंदाच्या वाफेने डोके चढते. मग चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. मोह होतो, तरीही.

आता ऐकणाऱ्याकडे. ‘आवाज येतो, पण पूर्वीसारखा खुलत नाही’ ही तक्रार घरातल्या ज्येष्ठांकडून आली, तर ट्वीटर बदलण्याआधी शाळेत जाणाऱ्या नातवंडाला स्पीकरसमोर बसवावे. झांजा, घुंगरू त्याला स्पष्ट ऐकू आले आणि आजोबांना नाही, तर ट्वीटर ठीक आहे. तरुण कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वयाबरोबर ही श्रेणी वरच्या टोकाकडून घटत जाते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या ध्वनींवर अवलंबून असते. म्हणूनच ‘ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत’ असे आजोबा म्हणतात, आणि घरचे टीव्हीचा आवाज वाढवून भांडतात. छोटा अॅम्प्लिफायर पूर्ण ताणला की आवाज फाटतो आणि त्यात ट्वीटर खरोखरच जळतो.

एकाच बाजूचा आवाज क्षीण वाटत असेल, तर वायरींना हात लावण्याआधीची एक सोपी परीक्षा आहे : खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसावे. तेच खोके अजूनही क्षीण वाटले, तर दोष खोक्याचा. पण आधी डावे खोके क्षीण होते आणि आता दुसरेच खोके, म्हणजे पुन्हा डाव्या हाताचेच, क्षीण वाटले, तर दोष डाव्या कानाचा. कारण बहुधा साधा मळ असतो. तो पिनेने किंवा काडीने कोरू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

पण कालपर्यंत चांगला असलेला कान आज सकाळी बंद वाटतो, सोबत शिट्टीसारखा आवाज किंवा चक्कर आहे, तर मळ समजून वाट पाहू नये. आतल्या कानाच्या नसेला अचानक बहिरेपण येऊ शकते. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले, तर ऐकू येणे परतण्याची शक्यता जास्त असते. दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते. ‘स्पीकर बिघडला असेल’, ‘सर्दीमुळे असेल’ असे म्हणत महिना काढलेल्या रुग्णासाठी मग फारसे काही करता येत नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात श्रवणचाचणी होते. बंद खोलीत हेडफोन लावून प्रत्येक कान वेगळा तपासतात, अर्ध्या तासाचे काम आहे. चोवीस तास सुकत ठेवलेला स्पीकर तोवर घरी तसाच राहू द्यावा.