थेट बाजारात

शेअरची खरेदी-विक्री म्हणजे दोन माणसांमधला व्यवहार, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. एकाने विकले, दुसऱ्याने घेतले. परंतु त्या दोघांच्या मध्ये कोण उभे असते आणि उभे राहण्याबद्दल काय घेते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सकाळी घेतलेले शेअर त्याच दिवशी विकून मोकळे होणाऱ्यांसाठी अमेरिकेत 'डायरेक्ट ॲक्सेस', म्हणजे थेट बाजारात नेणारी, जी सॉफ्टवेअरे निघाली, ती या मधल्या माणसाशी झालेल्या भांडणातून निघाली.

आपल्याकडे बाजारपेठांत पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तिला हत्ता पद्धत म्हणत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालादेखील आपल्या मालाचे काय ठरते आहे ते कळत नसे. अमेरिकेतील नॅस्डॅक बाजारात रुमाल नव्हता, टेलिफोन होता. तेथे प्रत्येक शेअरचे काही व्यापारी असत. त्यांना 'मार्केट मेकर' म्हणतात. ते घेण्याचा एक आणि विकण्याचा एक असे दोन भाव पडद्यावर लावीत आणि मधला फरक ही त्यांची कमाई. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, सोमवारी, डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा लहान गुंतवणूकदारांचे टेलिफोन वाजत राहिले आणि कित्येक व्यापाऱ्यांनी ते उचललेच नाहीत. भाव लावलेला, पण दुकान बंद!

या प्रकाराचा बोभाटा झाल्यावर लहान मागण्या यंत्राकडून आपोआप पुऱ्या करून देणारी जी व्यवस्था १९८४ पासून होती, तीत भाग घेणे १९८८ मध्ये व्यापाऱ्यांना सक्तीचे झाले. आता १,००० शेअरपर्यंतची मागणी आली की पडद्यावरच्या भावाला ती पुरी करणे भाग होते. काही चलाख मंडळींनी यातली फट हेरली. बातमी येताच चार व्यापारी आपला भाव बदलीत, पाचवा गाफील राही. हे लोक त्या पाचव्याचा शिळा भाव गाठीत. व्यापाऱ्यांनी त्यांना 'बँडिट', म्हणजे दरोडेखोर, ठरविले. दरोडेखोर कोण, याविषयी मात्र दुमत होऊ शकते. १९९४ साली क्रिस्टी आणि शुल्ट्झ या दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या शंभर प्रमुख शेअरांपैकी सत्तरांच्या भावात विषम अष्टमांश जवळजवळ सापडतच नाही. तेव्हा भाव डॉलरच्या अष्टमांशात सांगत. विषम अष्टमांश टाळले की दोन भावांमधला फरक निदान पाव डॉलर राहतो. म्हणजे सव्वावीस डॉलरला हजार शेअर घेऊन त्याच क्षणी वीसला विकले, तर अडीचशे डॉलर मधल्या माणसाच्या पदरात पडत.

थेट प्रवेशाच्या सॉफ्टवेअरने हाच रुमाल उचलला. जोशुआ लेव्हिन या प्रोग्रामरचे 'वॉचर' हे अशा सॉफ्टवेअरांपैकी एक. पडद्यावर डावीकडे घेणाऱ्यांचे भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे, आणि प्रत्येकापुढे त्या व्यापाऱ्याचे संक्षिप्त नाव. साधा दलाल आपली मागणी त्याला सोयीच्या व्यापाऱ्याकडे पाठवी; त्याबद्दल पुष्कळदा त्याला मोबदलाही मिळे. येथे मागणी कोणाकडे धाडायची ते ग्राहक स्वतः ठरवी. शिवाय 'आयलंड'सारख्या इलेक्ट्रॉनिक जाळ्यावर तो वीस व सव्वावीस यांच्या मध्ये स्वतःचा भाव मांडू शके. १९९७ च्या नव्या नियमांनी असे भाव साऱ्या बाजाराला दिसू लागले.

गंमत अशी की, या विजयानेच विजेत्यांचे उत्पन्न आटले. २००१ मध्ये अपूर्णांक जाऊन भाव सेंटात आले, फरक पावलीवरून पैशावर उतरला आणि ज्या फटीतून हे लोक शिरले होते ती बुजली. साध्या गुंतवणूकदाराचा यात निखळ फायदा झाला, असे माझे मत आहे.

भारताची वाट निराळी. येथे राष्ट्रीय शेअरबाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरांचा व्यवहार सुरू केला तोच संगणकावर आणि निनावी. मुंबई शेअरबाजारातील आरोळ्यांचे रिंगणही १९९५ मध्ये संगणकापुढे नमले. उत्तम भाव प्रथम, भाव सारखा असल्यास आधी आलेला प्रथम, हा त्या पद्धतीचा कायदा. कोठल्या व्यापाऱ्याचे दार ठोठवायचे हा प्रश्नच उरला नाही. तरी व्यक्तीची मागणी दलालाच्या यंत्रातून, पैशांची तपासणी होऊनच, पुढे जाते. २००८ मध्ये सेबीने थेट प्रवेशास मान्यता दिली ती संस्थांसाठी. बाजाराच्याच आवारात जागा घेऊन ज्यांनी यंत्रे ठेवली आहेत त्यांच्याशी बोटाच्या वेगाने स्पर्धा करणे व्यर्थ होय.

तेव्हा वेगाचे काय? सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२२-२३ या वर्षी दिवसाच्या दिवसात व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाल्याचे आढळले. वर्षात पाचशेहून अधिक व्यवहार करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण दहांत आठ होते. मधला माणूस पाव डॉलर घेत होता, तो गेला. पण प्रत्येक व्यवहारामागे दलाली, कर आणि मुद्रांकशुल्क उरलेच, आणि कळ जितकी सोपी तितक्या वेळा ती दाबली जाते. साडेतीनला बाजार मिटतो. त्याच्या थोडे आधी, दिवसापुरता घेतलेला माल ग्राहकाने स्वतः विकला नसेल तर दलालाचे यंत्र, असेल त्या भावाला, तो विकून टाकते.