थांबलेल्या पेशी मरत का नाहीत?

अन्न आणि ऊब मिळाली तर शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी कायम विभागत राहतील, अशी १९६० पर्यंत जवळजवळ सगळ्यांची खात्री होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला आणि त्यातल्या पेशी तीसहून अधिक वर्षं टिकल्याचं सांगितलं गेलं. नोबेल मिळवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मात्र लेनर्ड हेफ्लिक यांच्या बाटल्यांतल्या मानवी पेशी सुमारे ५० दुपटींनंतर थांबायच्या. दोष बाटलीचा, की पेशींचाच? पॉल मूरहेड यांच्यासोबत त्यांनी काढलेली युक्ती मला फार देखणी वाटते. सुमारे ४० दुपटी झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि जेमतेम १० झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच बाटलीत वाढवल्या. पुढे गुणसूत्रं तपासली, तर उरल्या होत्या फक्त स्त्रीच्या. अन्न तेच, हवा तीच. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच चालू होती. १९६१ साली निबंध छापून आला, पण तो पचनी पडायला बरीच वर्षं गेली.

ही मोजदाद टेलोमिअर ठेवतात. गुणसूत्रांच्या टोकांवरचे हे तुकडे दर विभाजनात थोडे झिजतात. त्यांचं कोडं उलगडणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. टोक फार आखूड झालं की पेशी ते डीएनए तुटल्याची खूण समजते आणि विभाजन बंद करते. हे आपल्या भल्याचंच आहे, कारण बिघडलेली पेशी वाढतच राहिली तर कर्करोगाचा धोका. बहुतेक कर्कपेशी टेलोमरेज हे विकर जागं करून नेमका हाच अडसर ओलांडतात.

पण थांबलेली पेशी मरत नाही. ती जागेवर बसून दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहते. तरुणपणी प्रतिकारशक्ती अशा पेशी उचलून नेते. वय वाढतं तशा त्या साचतात आणि शेजारच्या ऊतींना त्रास होतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांमधून त्या काढून टाकल्या, तेव्हा मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली.

मग सरसकट साफ करून टाकाव्यात? घाई नको. २०१४ मध्ये दिसलं की याच पेशी जखम भरून यायला मदत करतात. त्या काढलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरल्या. म्हणूनच त्यांना मारणारी औषधं रोज न देता, थोडे दिवस देऊन मध्ये खंड ठेवायचा, अशा पद्धतीने माणसांवर तपासली जात आहेत.