केळी दुबईला पोचली, आता घरच्यांची पाळी

अकलूज : आपल्या सोलापूर जिल्ह्याची केळी आखातात जातात, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. करमाळा, माढा, माळशिरस या तालुक्यांतल्या बागांतून हिरवी केळी कापली जातात, धुऊन खोक्यांत भरली जातात आणि थंड कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरावर जातात. तिथून ती दुबई, ओमान, इराण, सौदीच्या बाजारात पोचतात. पण ज्यांच्या हातून हा माल जातो त्यांच्यापैकी कितीजणांनी तो बाजार पाहिला आहे? अकलूजमधल्या आमच्या परिचयाच्या एका बागवान घरात हा प्रश्न गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर निघाला. शाळेत जाणाऱ्या नातवाने दादीला विचारले, "आपली केळी विमानाशिवाय दुबईला जातात, मग आपण विमानाने का जात नाही?" सगळे हसले. पण दादी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी विचारत होते तेव्हा तुझे अब्बा एवढेसे होते."

तिथून या घरची पहिली परदेशी सैर ठरू लागली. घरात आठ माणसे. दादी, दोन भाऊ, दोन जावा आणि तीन मुले. पैसे भिशीचे आणि थोडे साठवलेले. अडचण पैशाची कमी आणि दिवसांची जास्त होती. या घरचा हिशेब आम्ही जवळून पाहिला. त्यातून आपल्या इतर व्यापारी घरांना काही उपयोग होईल म्हणून तो इथे देत आहोत.

आठवडा सापडेना

केळीचा धंदा दुकानाला कुलूप लावून जाण्यासारखा नाही. बाग तयार झाली की घड थांबत नाही. शेतकऱ्याने फोन केला आणि आपण "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालो तर तो दुसऱ्या व्यापाऱ्याला माल देतो. माल गेल्याचे दुःख एका दिवसाचे, पण तो शेतकरी पुढच्या बहराला आपल्याकडे येत नाही. एका सहलीपायी वर्षानुवर्षे जोडलेली चार-पाच घरे तुटली तर ती सैर फार महाग पडेल, ही थोरल्या भावाची धास्ती खरी होती.

प्रथम ठरले होते की धाकट्याने पेढी सांभाळावी आणि बाकीच्यांनी जावे. दादींनी ते मोडून काढले. धाकट्या सुनेला नवऱ्याशिवाय, जेठाच्या सोबतीने परदेशी नेणे त्यांना पसंत नव्हते. "मेहरमचा मसला आहे, आणि मसला नसता तरी तिला काय वाटेल?" जायचे तर दोन्ही सुना आणि दोन्ही लेक, नाहीतर कोणीच नाही. म्हणजे पेढी पूर्ण बंद.

मग वर्षाचे कॅलेंडर समोर घेतले. आषाढीला तुकोबांच्या पालखीचा अकलूजला मुक्काम आणि गोल रिंगण, त्या दिवसांत गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही. श्रावण आणि गणपतीत फळाला मागणी. रमजानमध्ये केळीला भाव असतो, आणि रोज्यात सैर नको हे वेगळेच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२७ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल, तेव्हा दुबईच्या उत्तम हवेचा मोठा भाग त्यातच जाईल. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण तेव्हा तिकडे पारा चाळिसाच्या वर जातो. सोलापूरच्या माणसाला उन्हाची काय भीती, असे धाकटा म्हणाला. दादींच्या गुडघ्यांकडे पाहून त्याने विधान मागे घेतले.

शेवटी थोरल्याने तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि कोणत्या आठवड्यात किती कापणी झाली ते लिहून काढले. हे काम प्रत्येक व्यापाऱ्याने करण्यासारखे आहे. धंद्यात सवड कधीच नसते असे आपण म्हणतो, पण वही वेगळे सांगते. त्यांच्या वहीत भाऊबीजेनंतरचा आठवडा सगळ्यांत मोकळा निघाला, कारण कापणीची टोळी दिवाळीला गावी जाते. मुलांना सुट्टी आणि दुबईत हवा चांगली. गावात त्याच सुमारास बाजार समितीचा घोडेबाजार भरतो. तो चुकणार म्हणून मुले जरा हिरमुसली.

उरलेल्या मालाची सोय शेजारच्या पेढीवरच्या मराठा मित्राने केली. ज्या दोन-तीन बागा त्या आठवड्यात येतील त्या तो ठरल्या भावाने उचलणार आणि शेतकऱ्याला आधी दोघे मिळून भेटून सांगणार. बदल्यात काय, तर त्याच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात हे त्याची पेढी पाहणार. कागदावर काही नाही, आपल्या बाजारात असे व्यवहार अजून चालतात.

पाच दिवसांचे किती दिवस?

पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत "चार रात्री, पाच दिवस" असे लिहिलेले असते. अकलूजकराने त्यात घर ते विमानतळ हा भाग धरायला हवा. मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे म्हणजे संध्याकाळच्या विमानासाठी सकाळी लवकर निघावे लागते. परतीला मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरून ड्रायव्हरला लगेच गाडी हाकायला लावू नये. अशा प्रवासातले अपघात आपण वाचतो.

या घराने मंगळवारी निघून रविवारी परत, असा सहा दिवसांचा हिशेब बसवला. मुंबईहून दुबई सुमारे तीन तास, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुसरा पर्याय मलेशियाचा होता. भारतीयांना तिथे १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. आठ माणसांचा व्हिसाखर्च वाचतो, शिवाय हलाल जेवणाची चिंता नाही. मोठ्या मुलाचे मत तिकडे होते. पण विमानप्रवास पाच तासांच्या घरात, आणि घड्याळ अडीच तास पुढे. सहा दिवसांत तो अंगावर येतो. ज्यांच्याकडे आठ-नऊ दिवस असतील त्यांनी क्वालालंपूरचा विचार जरूर करावा.

काय सोडायचे ते आधी ठरवा

पहिल्यांदा जाणारा माणूस सगळे बघायला निघतो आणि बसच्या खिडकीतून बघून येतो. एका एजंटाने दिलेल्या कार्यक्रमात तीन दिवसांत चौदा ठिकाणे होती. दादींनी विचारले, "यात नमाज कुठे आहे?" तो कागद तिथेच घडी घालून ठेवला गेला.

नवा कार्यक्रम घरीच झाला. बुधवारी सकाळी झोप, कारण आदल्या रात्री हॉटेलात पोचायलाच मध्यरात्र होणार. दुपारनंतर जुनी दुबई : अल फहिदीची जुनी वस्ती, मग खाडी. खाडी ओलांडायला लाकडी होडी असते, तिला अब्रा म्हणतात. भाडे माणशी एक दिरहम. पलीकडे देऱ्यात मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. आमच्या मते संपूर्ण दुबईत पैशाला इतके मोल दुसरे नाही. गुरुवारी अबुधाबीची शेख झायेद मशीद. २००७ साली खुली झालेल्या या मशिदीला ८२ घुमट आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत, पण आधी इंटरनेटवर नाव नोंदवावे लागते. दुबईहून दीड तास जायला, दीड तास यायला, म्हणजे तो पूर्ण दिवस तिचाच. शुक्रवारी जुमा, आणि संध्याकाळी ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा. वर जाण्याचे तिकीट आधी काढलेले बरे. मावळतीच्या वेळचे तिकीट महाग, म्हणून यांनी रात्रीचे घ्यायचे ठरवले. समोरचे कारंजे फुकट आहे. शनिवारी खरेदी, सामान आणि विमानतळ.

वाळवंटातली गाडीची सफर सोडली, तिचे हिसके दादींना सोसणारे नाहीत. शारजाही सोडले. जुम्याची वेळ मात्र लक्षात ठेवावी. २०२६ च्या जानेवारीपासून तिथे खुतबा दुपारी पाऊण वाजता सुरू होतो. आपल्याकडच्या सवयीने दीडला निघालात तर जमात हुकली. प्रवासी म्हणून नमाज कसर करण्याचे मसले निघण्याआधी आपल्या मौलानांकडून नीट समजून घ्यावेत. घरातल्या स्त्रियांनाही सांगावेत, त्यांना कोणी सांगत नाही.

शुक्रवारी फज्रनंतर दोघे भाऊ अल अवीरच्या फळबाजारात जाणार आहेत. यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. थोरल्या भाभी म्हणाल्या, "अकलूजला मंडी, दुबईलाही मंडी!" पण आपल्या तालुक्याचा माल तिथे कोणत्या खोक्यात, कोणत्या देशाच्या मालाशेजारी आणि कोणत्या भावाने विकला जातो, हे डोळ्यांनी पाहणे व्यापाऱ्याला दहा व्याख्यानांहून अधिक शिकवील. नऊच्या आत नाश्त्याला परत, या अटीवर परवानगी मिळाली आहे.

नावात अडकलेली दादी

आता कागदपत्रांकडे येऊ. पासपोर्टसाठी आपला जिल्हा पुणे कार्यालयाखाली येतो, पण सोलापूरला टपाल खात्याच्या पासपोर्ट केंद्रात काम होते. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १५०० रुपये आणि १८ वर्षांखालील मुलांना १०००. आठ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील व्यक्ती यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट मिळते. मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा असतो. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

या घरी अडचण आली ती दादींच्या नावाची. त्यांच्या आधारवर नुसते नाव, आडनाव कोरे. आपल्या समाजातल्या जुन्या पिढीच्या किती बायांचे कागद असे आहेत ते आपण जाणताच. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणे थांबवले आहे. दादींचा पासपोर्ट तसाच निघाला असता तर सात जण विमानात आणि ज्यांच्यासाठी सैर काढली त्या मुंबईच्या विमानतळावर, असा प्रसंग आला असता. धाकट्या सुनेच्या हे वेळीच लक्षात आले. आधी आधार दुरुस्त केले, मग पासपोर्टचा अर्ज. घरातल्या सगळ्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, तेही तिनेच जुळवून घेतले. दोन मुलांच्या दाखल्यात एक अक्षर वेगळे होते.

पैशाची बाजू

परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की १ ऑक्टोबर २०२० पासून विक्रेता त्यावर टीसीएस कापून घेतो. दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारावा. ही रक्कम बुडीत नाही, विवरणपत्रात वळती होते. मात्र बुकिंग ज्याच्या पॅनवर करायचे तो विवरणपत्र भरणारा असावा. दुसरे, हा खर्च पेढीच्या खात्यात टाकण्याचा मोह टाळावा. मंडी पाहिली म्हणून आठ जणांची सैर धंद्याचा खर्च ठरत नाही, आणि आयकराच्या तपासणीत ते उत्तर टिकणार नाही.

"आधी फिरा, मग भरा" अशा हप्त्यांच्या योजनांत व्याज असते हे वेगळे सांगायला नको. या घराने भिशी लावली. सैरीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशावर निसाब आणि वर्ष पुरे झाले तर जकात लागते, हेही कोणी विसरू नये.

सोन्याबद्दल मोठा गैरसमज आहे. परत येताना बाईला ४० ग्रॅम दागिने जकातीशिवाय आणता येतात, असे सगळे सांगतात. ती सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. चार रात्री राहून येणाऱ्याला ती नाही. म्हणून देऱ्याचा सोनेबाजार डोळ्यांनी बघायचा, असे दोन्ही जावांनी ठरवले. इतर खरेदीवर तिथे २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. पर्यटकाला तो ठरावीक दुकानांतल्या खरेदीवर विमानतळावर परत मागता येतो, पण खरेदीच्या वेळी दुकानदाराला पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते.

घरून नेण्याच्या डब्यांतही सावधगिरी हवी. खसखस तिकडे बंदी असलेली वस्तू आहे. आपल्या काळ्या मसाल्यात, कधी लाडवांत ती असते. लोकांना त्यापायी तुरुंग पाहावा लागला आहे. खोकल्याची काही औषधे आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या यांनाही तिथे परवानगी लागते. दादींच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यायच्या, मसाला मात्र घरीच ठेवायचा.

एक चुलतभाऊ तिकडे नोकरीला आहे. त्याच्याकडे उतरू, हॉटेलचे पैसे वाचतील, असे आधी वाटले होते. फोन केल्यावर कळले की तो एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. तो बिचारा म्हणाला, "या, मी सोय करतो." थोरल्याने सांगितले, सोय नको, जुम्याच्या दिवशी आमच्याबरोबर जेवायला ये.

उमऱ्याचा प्रश्नही घरात निघाला होता. आधी अल्लाहच्या घरी जायचे की आधी सैर? दादींनीच तोडगा काढला. धाकटा लेक पुढच्या वर्षी त्यांना उमऱ्याला नेणार, आणि त्या वेळी पेढी थोरला पाहील. तोवर पासपोर्ट हाती असेलच.

सध्या सात पासपोर्ट आले आहेत. दादींच्या पोलीस तपासणीचा शिपाई येऊन गेला, चहा पिऊन गेला. आठवा पासपोर्ट टपालाने आला की तिकिटे काढायची, त्याआधी एक रुपयाही एजंटाला द्यायचा नाही, असे ठरले आहे.