अटल टिंकरिंग लॅब: ओलावा सेन्सर कोणत्या पिनला जोडावा?

इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये तुम्ही झाडांना आपोआप पाणी देणारे यंत्र बनवू शकता. मातीतील ओलावा मोजणाऱ्या अनेक मॉड्यूलवर दोन आउटपुट असतात.

डीओ, म्हणजे डिजिटल: माती ‘कोरडी’ की ‘ओली’ एवढेच सांगतो. ही मर्यादा मॉड्यूलवरील छोट्या स्क्रूने ठरते. पंप फक्त चालू-बंद करायचा असल्यास हा पुरेसा आहे.

एओ, म्हणजे ॲनालॉग: ओलाव्यानुसार व्होल्टेज बदलतो. आर्डुइनो उनोच्या ए० ते ए५ या पिन तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतात. माती हळूहळू सुकत असल्याचे यातूनच वेळेवर कळते.

लक्षात ठेवा: आधी कोरड्या व ओल्या मातीतील आकडे नोंदवा, मगच प्रोग्राममध्ये मर्यादा ठरवा. कुंडीतील मातीची मर्यादा शेतातील काळ्या मातीला लागू पडेलच असे नाही.