पेशीपटलावरील आयन, प्रतिआयन आणि विंचूदंश : महाड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात, शिवथरसारख्या खोऱ्यांतून, लाल विंचवाचा दंश ही दीर्घकाळ जीवघेणी आपत्ती होती. दंशाच्या जागी फारशी सूज नसतानाही काही तासांत फुप्फुसात पाणी साचून रुग्ण, विशेषतः बालके, दगावत असत. यामागील कारण पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंच्या आयनांच्या मांडणीत आढळते.

आयनांची मांडणी : चेतापेशीच्या बाहेर सोडियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे १४५ मिलिमोल, तर आत १२च्या आसपास असते. पोटॅशियमची स्थिती याच्या उलट, म्हणजे आत सुमारे १४० व बाहेर ४ अशी असते. हा भेद राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. या संशोधनाबद्दल त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक धन आयनाचा प्रभार तोलण्यासाठी ऋण प्रतिआयन लागतो. बाहेर ते काम मुख्यतः क्लोराइड करते, आत फॉस्फेटे व प्रथिने करतात. पोटॅशियम आपल्या मार्गिकांतून बाहेर झिरपते, परंतु आतील मोठे प्रतिआयन त्याच्यामागे जाऊ शकत नाहीत. म्हणून पटलाची आतील बाजू सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. त्यासाठी एक लाख पोटॅशियम आयनांपैकी जेमतेम एकाचे स्थलांतर पुरते. अर्थात, मार्गिकेतील अल्प बिघाडही मोठा परिणाम घडवू शकतो.

विषाची क्रिया : संवेग वाहताना सोडियम मार्गिका उघडते व सुमारे एक सहस्रांश सेकंदात मिटते. विंचवाच्या विषातील लहान प्रथिने हे मिटणे लांबवतात. सोडियम आत येत राहते आणि चेतापेशी वारंवार उद्दीपित होतात. याच विंचवाच्या विषातील आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन कॅल्शियमने उघडणाऱ्या पोटॅशियम मार्गिका रोखते. परिणामी स्वायत्त चेतासंस्था खवळते. घाम, ओकाऱ्या, थंडगार हातपाय ही त्याची लक्षणे होत. ॲड्रिनलिनसदृश द्रव्यांच्या लोटामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो.

उपचाराची दिशा : डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. या लक्षणांचे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरात आणले. हे औषध सोडियम मार्गिका बंद करीत नाही. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राही अडवून साखळीचा पुढील दुवा तोडते. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. प्रतिविष मात्र साखळीच्या आरंभीच विषाला बांधते. महाड येथे ७० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या चाचणीत, दोन्ही उपचार एकत्र मिळालेले रुग्ण केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

निष्कर्ष : केवळ वेदना शमवल्याने विंचूदंशाचा धोका टळत नाही. वेदना कमी असतानाही घाम, ओकाऱ्या व थंड हातपाय दिसताच उपचार सुरू होणे आवश्यक ठरते, कारण तोवर सोडियमची द्वारे उघडी राहून पुढील साखळी सुरू झालेली असते. आयन व प्रतिआयनांचा समतोल हा पाठ्यपुस्तकी विषय दुर्गम खोऱ्यातील जीवनमरणाशी असा निगडित आहे.