डीपी जळाली, डीपी बदलला : बुलढाणा जिल्ह्याच्या दैनंदिन वाक्यांतील इंग्रजी शब्द

प्रास्ताविक

रब्बीच्या दिवसांत घाटाखालच्या एखाद्या गावी ‘डीपी जळाली’ हे वाक्य कानी पडले की त्या शिवारातील ओलित थांबल्याचे सर्वांस कळते. वऱ्हाडी बोलीत हेच वाक्य ‘डीपी जयली’ असे होते, कारण तेथे ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. त्याच गावातील महाविद्यालयीन विद्यार्थी ‘डीपी बदलला’ असे म्हणतो, तेव्हा त्याने मोबाइलवरील आपले छायाचित्र बदललेले असते. दोन्ही शब्द इंग्रजी आद्याक्षरांचे, उच्चाराने अगदी एकरूप, आणि त्या आद्याक्षरांचा विस्तार बोलणाऱ्यांपैकी अनेकांना सांगता येणार नाही. तरीही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. विजेची डीपी स्त्रीलिंगी आहे, मोबाइलवरील डीपी बहुधा पुल्लिंगी आहे. एक जळते, दुसरा बदलतो. अर्थाचा निवाडा इंग्रजी शब्द करीत नाही, त्याच्याभोवतीचे मराठी वाक्य करते.

मराठीतील इंग्रजी शब्दांची चर्चा आजवर प्रामुख्याने शब्दसंग्रहाच्या अंगाने झाली. कोणता शब्द स्वीकारावा, कोणता टाळावा, त्याला पर्याय कोणता, हे प्रश्न भाषाशुद्धीच्या चळवळीपासून पुढे आले. त्या चळवळीने ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजविले, ही तिची कमाई नाकारता येणार नाही. तथापि परकी शब्द मराठी वाक्यात आल्यावर तेथे काय करतो, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखाचा रोख त्याकडे आहे. उदाहरणे बुलढाणा जिल्ह्याच्या नित्य बोलण्यातील आहेत. त्यांपैकी पुष्कळशी उर्वरित महाराष्ट्रातही ऐकू येतील.

शब्द आले त्या वाटा

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. पुढील दोन दशकांत या भागात कोर्ट, पोलीस, तार आणि रेल्वे ही चारही खाती स्थिरावली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत १८६७ साली नागपुरास पोचला. खामगावची कापसाची बाजारपेठ त्या काळी एवढी मोठी होती की केवळ तिच्यासाठी जलंब–खामगाव ही शाखा टाकण्यात आली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत ती सुरू झाली. ‘ठेसन’, ‘तिकीट’, ‘जिनिंग’, ‘नोटीस’, ‘अपील’, ‘वॉरंट’ हे शब्द अशा वाटांनी जनसामान्यांपर्यंत आले. ते पुस्तकातून आलेले नाहीत. ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते त्यानेही कापूस जिनात नेला, कोर्टाची नोटीस घेतली आणि ठेसनावर गाडीची वाट पाहिली.

१९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत जिल्ह्याचा कारभार हिंदीभाषक प्रदेशाशी बांधलेला राहिला. म्हणून काही इंग्रजी शब्द येथे हिंदीच्या अंगरख्यात आढळतात. पुण्याकडचा विद्यार्थी ‘फी’ भरतो, बुलढाण्याकडचा पुष्कळदा ‘फीस’ भरतो.

मराठी व्याकरणाचा दाखला

उसना शब्द भाषेत मुरला किंवा नाही हे ओळखण्याची एक चांगली कसोटी मराठीजवळ आहे, ती म्हणजे सामान्यरूप. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम आपले रूप बदलते. ‘घर’चे ‘घरात’ आणि ‘शाळा’चे ‘शाळेत’ होते. जुने इंग्रजी शब्द या नियमाला बिनतक्रार वश झाले. ‘बँक’चे ‘बँकेत’, ‘कोर्ट’चे ‘कोर्टात’, ‘टेबल’चे ‘टेबलावर’, ‘फाईल’चे ‘फायलीत’ अशी रूपे आपोआप होतात. ‘नोटीस’ या शब्दाचे उदाहरण तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्याचे सामान्यरूप ‘नोटिशीला’ असे होते. ‘टी’ ऱ्हस्व होते आणि ‘स’चा ‘श’ होतो. ‘म्हैस’चे ‘म्हशीला’ होताना ‘स’चा ‘श’ होतो, तोच हा बदल आहे. इंग्रज न्यायाधीशाच्या दप्तरातून आलेल्या शब्दाला मराठीने गोठ्यातील म्हशीचा नियम लावला, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

नव्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. ‘मोटार’ आणि ‘कार’ हे दोन्ही शब्द एकाच वाहनाचे आणि दोन्ही स्त्रीलिंगी. पण माणूस ‘मोटारीत’ बसतो आणि ‘कारमध्ये’ बसतो. ‘कारीत’ कुणी बसत नाही. ‘मोटारी’ हे अनेकवचन सहज होते, ‘कार’ला मात्र अनेकवचनातही ‘कार’च राहावे लागते किंवा इंग्रजी ‘कार्स’कडे जावे लागते. ‘लॅपटॉपवर’, ‘ट्रेनमध्ये’, ‘ई-मेलमध्ये’ हे त्याच वर्गातले. ‘-त’ हा प्रत्यय सामान्यरूप मागतो. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय त्यावाचून चालवून घेते. म्हणून नव्या शब्दांबरोबर ‘मध्ये’चा वापर वाढलेला आढळतो. बोलणाऱ्याचे इंग्रजीचे भान जसजसे वाढते तसतसा तो मूळ शब्दाला हात लावण्यास कचरतो, हे यामागील कारण असावे. निरक्षर शेतकरी ‘टायमावर’ आला. त्याचा शिकलेला मुलगा ‘टाइमवर’ येतो. शुद्धतेचा विचार करायचा तर बापाचे रूप अधिक मराठी आहे, हे भाषेच्या अध्यापकांनी तरी मान्य करावयास हवे.

लिंगनिश्चितीचे नियम इतके सरळ नाहीत. काही ठिकाणी जुन्या मराठी शब्दाचे लिंग नव्याला मिळते. ‘वीज’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘लाइट’ही ‘गेली’ आणि ‘आली’. या ‘लाइट’चा अर्थ दिवा असा राहिलेला नाही. दुपारी बारा वाजता ‘लाइट नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा पंप बंद असल्याची ती तक्रार असते. शिवारात ‘मोटार’ म्हणजेही आता वाहन नव्हे, विहिरीवरील पंप होय.

क्रियापद मराठीचेच

इंग्रजी नाम, विशेषण वा क्रियापद काहीही असो, मराठी वाक्यात ते क्रियापदाच्या जागी एकटे उभे राहत नाही. त्याला करणे, होणे, लावणे, लागणे, मारणे, येणे, जाणे यांपैकी एखादा सोबती द्यावा लागतो. अर्थाचे सगळे बारकावे हा सोबती वाहतो. ‘फोन लावला’ म्हणजे प्रयत्न केला, ‘फोन लागला’ म्हणजे प्रयत्न साधला. या दोहोंतील अंतर एका व्यंजनाचे आहे. इंग्रजीत तेवढ्यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे हुडकावी लागतात.

‘बोअर’ या शब्दाचे या जिल्ह्यातील प्रयोग तर स्वतंत्र टिपणाचा विषय ठरतील. ‘बोअर झाले’ म्हणजे कंटाळा आला. ‘बोअर मारला’ म्हणजे जमिनीत विंधनविहीर घेतली. ‘बोअरला पाणी लागले’ हा आनंद, आणि ‘बोअर फेल गेला’ हे कर्ज. येथे ‘गेला’ हे क्रियापद लक्षणीय आहे. विद्यार्थी परीक्षेत ‘फेल होतो’, बोअर ‘फेल जातो’, जसे पीक हातचे जाते, पाऊस कोरडा जातो. विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेस बसता येते. बोअरवर घातलेला पैसा परत येत नाही. हा भेद इंग्रजी शब्दात नाही, तो मराठी क्रियापदाने पुरविला.

अर्थ सरकतो तेव्हा

महाविद्यालयाच्या परिसरातच अशा शब्दांची रेलचेल आहे. ‘कॉपी’ हा शब्द घ्यावा. त्याच्या मूळ अर्थासाठी मराठीत ‘नक्कल’ होता आणि महसूल कार्यालयात तो अजून आहे. तेथे फेरफाराची नक्कल मिळते. यंत्रावर काढलेल्या प्रतीला एका कंपनीच्या नावावरून ‘झेरॉक्स’ म्हणतात. उरलेला ‘कॉपी’ हा शब्द परीक्षेतील गैरप्रकाराने व्यापला. ती केली जाते, पुरविली जाते, सापडते. तिच्यापासून ‘कॉपीबहाद्दर’ हा अर्धा फारसी समास होतो आणि शासनाच्या परिपत्रकात ‘कॉपीमुक्त’ हा अर्धा संस्कृत. एका अर्थाचे तीन वाटे करून भाषेने तीन निरनिराळ्या कार्यालयांना देऊन टाकले!

‘डोनेशन’ची कथा अधिक कटू आहे. इंग्रजीत ते दान. येथे ‘डोनेशन भरले’ असे म्हणताच ते प्रवेशासाठी की नोकरीसाठी, एवढाच प्रश्न उरतो. कायद्याने, म्हणजे महाराष्ट्राच्या १९८७च्या अधिनियमाने, प्रवेशासाठीच्या अशा रकमेला ‘कॅपिटेशन फी’ म्हटले व तिला बंदी केली. बोलीने मात्र दानाचाच शब्द ठेवला. हे अज्ञान नसून उपरोध असावा, असे म्हणण्यास जागा आहे. ‘नॉन-ग्रँटवर आहे’, ‘सीएचबीवर आहे’ ही वाक्येही याच परिसरातील. शासकीय कागदावर ‘तासिका तत्त्वावर’ हा नेटका मराठी शब्दप्रयोग आहे. परंतु एखाद्या विवाहस्थळाच्या बैठकीत ‘मुलगा सीएचबीवर आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या तीन अक्षरांत त्याच्या नोकरीची अनिश्चिती, न झालेले ‘पेमेंट’ आणि बोलणी पुढे सरकण्याची शक्यता एवढे सारे सामावलेले असते.

रुग्णालयातील शब्दांकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागेल. ‘त्यांना शुगर आहे’, ‘मले बीपी आहे’ या वाक्यांत मोजमापाचे नाव हेच आजाराचे नाव झाले आहे. साखर प्रत्येकाच्या रक्तात असते आणि रक्तदाब प्रत्येकाला असतो. वाढल्याचा अर्थ शब्दात नाही, संकेतात आहे. परिणामी ‘बीपी लो झाला’ हे वाक्य काहींना विसंगत वाटते, कारण ‘बीपी’ म्हणजे वाढलेलाच, अशी समजूत घट्ट असते. ‘सलाईन’ हे द्रवाचे नाव. पण शिरेतून दिले जाणारे कोणतेही द्रव ‘सलाईन’ होते आणि ‘सलाईन लावले’ म्हणजे उपचार झाला, अशी भावना रूढ होते. खामगाव-शेगावकडे ‘अकोल्याले रेफर केलं’ असे वाक्य आले की घरी स्वयंपाक थांबतो. मुळात ‘रेफर’ म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविणे एवढेच. येथे त्याचा अर्थ आशा क्षीण झाली असा घेतला जातो. २०२० साली ‘पॉझिटिव्ह’ या एरवी शुभ मानल्या गेलेल्या शब्दाने माणसे कशी हादरली, हे सर्वांच्या स्मरणात आहे.

या अर्थांतराचा फटका वर्गात बसतो. २००० सालापासून राज्याच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. विद्यार्थ्याला आपल्याला शेकडो इंग्रजी शब्द येतात असे वाटते, आणि ते खरेही आहे. पण ते शब्द मराठी अर्थाने येतात. वडिलांना मधुमेह आहे हे इंग्रजीत लिहिताना तो ‘फादर हॅज शुगर’ असे लिहितो. तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला हे सांगताना ‘नंबर लागला’चे शब्दशः इंग्रजी करतो. परीक्षक लाल रेघ मारतो. चूक इंग्रजीची आहेच, परंतु तिचे मूळ मराठी वाक्यात आहे आणि ते तेथेच दाखविता येते. ‘हा शब्द चुकला’ असे सांगण्याऐवजी ‘हा शब्द मराठीत असा वागतो, इंग्रजीत तसा वागतो’ असे फळ्यावर दोन रकान्यांत मांडले, तर त्याला आपल्या घरच्या बोलीची लाज वाटण्याचे कारण राहत नाही. इंग्रजी आणि मराठी या दोन विभागांच्या अध्यापकांनी एकत्र घ्यावा असा हा तास आहे. तूर्त दोन्ही विभागांचे वेळापत्रक तसे जुळत नाही.

कर्ता नसलेली वाक्ये

अलीकडच्या थरातील शब्दांकडे वळले की चित्र बदलते. ‘ऑनलाइन’, ‘केवायसी’, ‘ओटीपी’, ‘लिंक’, ‘पेंडिंग’, ‘होल्ड’ हे शब्द गेल्या काही वर्षांत गावोगाव पोचले. रेल्वे आणि कोर्ट यांचे शब्द डोळ्यांसमोरच्या वस्तूंबरोबर आले होते. ठेसन दिसत होते, नोटीस हातात येत होती. ‘केवायसी’ दिसत नाही. ती ‘झाली’ किंवा ‘नाही झाली’, एवढेच कळते. ‘ओटीपी’ कुणाला सांगू नये अशी ताकीद मिळते, आणि सेतू केंद्रावर पहिल्यांदा तोच विचारला जातो. शब्दाचा अर्थ माहीत नसलेल्या माणसाला या दोहोंतील फरक कसा कळावा? त्याच्या अज्ञानाची किंमत कधी खात्यातील सर्व रकमेएवढी असते.

याहून सूक्ष्म बदल वाक्यरचनेत झाला आहे. पूर्वी काम अडले की शेतकरी ‘तलाठ्याने अर्ज अडविला’ असे म्हणे. या वाक्याला कर्ता आहे. त्याला भेटता येते, विनविता येते, त्याच्याविरुद्ध वर तक्रार करता येते. आता तोच शेतकरी ‘अर्ज पेंडिंग दाखवते’ असे म्हणतो. ‘अर्ज’ पुल्लिंगी असूनही क्रियापद ‘दाखवते’ असे आहे, म्हणजे दाखविणारा अर्ज नव्हे. कोण दाखवते, हे वाक्यात नाही; संगणक, संकेतस्थळ, खाते, की त्यामागील कुणी माणूस, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘खात्याले होल्ड लागला’ या वाक्याची रचना ‘घराला कुलूप लागले’ याच धर्तीची आहे. कुलूप कुणी लावले हे तेथे सांगावे लागत नाही, कारण शेजाऱ्याला ते माहीत असते. होल्डच्या बाबतीत ते बँकेच्या काउंटरपलीकडे बसलेल्या लिपिकालाही अनेकदा माहीत नसते, आणि तोही पडद्याकडे पाहून तेच वाक्य परत म्हणतो : होल्ड दाखवते.