प्रेमकादंबरीतला दुसरा डाव

माझी एक आत्या होती. लग्नानंतर दीड वर्षात ती माहेरी परत आली ती कायमचीच. त्या वेळी तिचे वय होते वीस. मी शाळेत होतो तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. दर शनिवारी गावच्या वाचनालयातून तिच्यासाठी कादंबरी आणण्याचे काम माझ्याकडे असे. पुस्तक हातात पडले की ती प्रथम शेवटचे पान उघडी. दोघांची गाठ पडलेली दिसली तर पुस्तक पिठाच्या डब्यामागे जाई आणि दुपारी सगळे निजले की बाहेर येई. गाठ पडली नसेल तर ती म्हणे, "ही परत दे रे. दुसरी आण."

पुढे मी एम. ए. झालो. साहित्याबद्दल आपल्याला फार कळते असे वाटण्याचे ते वय. एकदा मी तिला म्हणालो, "आत्या, शेवट आधीच वाचला तर गोष्टीत राहिलं काय?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अरे, शेवट गोड आहे एवढं कळलं की मधलं दुःख सोसवतं. शेवट ठाऊक नसलेलं सोसायला आपला जन्म आहेच की!"

त्या दिवशी मी हसलो. आज त्या वाक्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रेमकादंबरी म्हणजे काय, हे आधी पाहू. अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने तिची एक सुटसुटीत व्याख्या केली आहे. कथेच्या मध्यभागी प्रेमाची कहाणी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा दाखवणारा हवा. दोनच अटी. ज्या कादंबरीत नायक-नायिका मरतात किंवा कायमचे दुरावतात, ती कितीही थोर असली तरी या जातीत बसत नाही. या जातीचे दोन प्रकार वाचकांना फार आवडतात. एक, अनपेक्षित प्रेमाची गोष्ट : ज्याच्याशी आपले जमणे शक्य नाही असे वाटत होते, त्याच्यावरच जीव जडतो. दुसरा, दुसऱ्या संधीची गोष्ट : ज्यांचे एकदा मोडले, ते पुन्हा भेटतात.

या दोन्ही प्रकारांचे मूळ पाहायला दोनशे वर्षे मागे, इंग्लंडात जावे लागते. जेन ऑस्टिन या लेखिकेने १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' प्रसिद्ध केली. तिच्यातला श्रीमंत डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो, पण ती अशा तोऱ्यात की जणू तिच्या घराण्यावर उपकारच करतो आहे. ती स्पष्ट नकार देते. मग तो बदलतो, तिच्या धाकट्या बहिणीवर आलेले संकट गाजावाजा न करता निवारतो, आणि पुन्हा विचारतो. एकाच पुस्तकात अनपेक्षित प्रेमही आले आणि दुसरी संधीही.

पण दुसऱ्या संधीची खरी कादंबरी म्हणजे तिचीच 'पर्स्युएजन'. ऑस्टिन जुलै १८१७ मध्ये वारली आणि हे पुस्तक त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तिच्या पश्चात बाहेर आले. गोष्ट साधी आहे. ॲन इलियट एकोणिसाव्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याला होकार देते. त्याच्याजवळ ना पैसा, ना घराणे. आईविना वाढलेल्या ॲनला तिच्या आईची मैत्रीण समजावते आणि ॲन लग्न मोडते. आठ वर्षे जातात. वेंटवर्थ युद्धात शत्रूची जहाजे पकडून बक्षिसाच्या रकमेवर श्रीमंत होऊन परततो. ॲन आता सत्तावीस वर्षांची आहे. त्या काळच्या हिशेबाने तिची वेळ टळून गेलेली. घरात तिला कोणी विचारत नाही. वडील कर्जात बुडालेले. त्यांनी वाडा भाड्याने दिला आहे, आणि भाडेकरीण निघते वेंटवर्थचीच बहीण!

आता इथे सामान्य लेखकाने काय केले असते? दोघांना समोरासमोर आणून रडवले असते. ऑस्टिन तसे करीत नाही. ती दोघांना एकाच खोलीत बसवते आणि बोलू देत नाही. तो दुखावलेला आहे, ती गप्प आहे. मग एका सहलीत एक अल्लड मुलगी समुद्राच्या धक्क्यावरून उडी मारते आणि बेशुद्ध पडते. सगळे घाबरतात. ॲन तेवढी डोके शांत ठेवून वैद्याला बोलवायला लावते. वेंटवर्थला कळते की ज्या स्वभावाला आपण दुबळा म्हणत होतो, तो दुबळा नाही.

शेवटी त्यांचा समेट होतो, तेव्हा वेंटवर्थ एक प्रश्न विचारतो. लग्न मोडल्यावर दोनच वर्षांनी त्याला जहाजाची कप्तानी आणि थोडा पैसा मिळाला होता. तेव्हाच पत्र लिहिले असते तर तू होकार दिला असतास का? ॲन म्हणते, दिला असता. म्हणजे पाहा, पहिली दोन वर्षे गेली दुसऱ्याच्या सल्ल्याने, पण पुढची सहा वर्षे गेली त्याच्या स्वतःच्या अभिमानाने! हा प्रसंग आला की वर्गात मी थोडा थांबतो. समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांवरून कळते, की कोणाच्या घरी न लिहिलेले पत्र पडून आहे.

यातून दुसऱ्या संधीच्या गोष्टीची घडण ध्यानात येईल. तिला तीन सांधे असतात. पहिला, ताटातूट का झाली याचे पटणारे कारण. दुसरा, मधला काळ. आणि तिसरा, त्या काळात माणसात झालेला बदल. नुसती पुन्हा भेट झाली म्हणजे दुसरी संधी होत नाही. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर' या १८४७ सालच्या कादंबरीत जेन लग्नाच्या दिवशीच रॉचेस्टरचे घर सोडण्याचा निश्चय करते, कारण त्याची पहिली बायको जिवंत असल्याचे तिला कळते. ती परत येते ती स्वतःच्या पायांवर उभी राहून, वारसाहक्काचे पैसे गाठीला बांधून. तिसरा सांधा पक्का असला तरच गोष्ट टिकते.

पुढे हाच माल कारखान्यातून निघू लागला. १९०८ साली लंडनमध्ये मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था निघाली. सुरुवातीला ती सर्व तऱ्हेची पुस्तके काढी. १९३० नंतर तिने प्रेमकथांवर भर दिला. कॅनडात १९४९ साली हार्लेक्विन ही संस्था सुरू झाली. तिने १९५७ पासून मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि १९७१ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. ठरावीक पानांची पुस्तके, दर महिन्याला नवी. आपल्या शहरांतील रद्दीच्या दुकानांत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत त्यांचे ढीग अनेकांनी पाहिले असतील. २००८ साली तर कंपनीने भारतातच आपला कारभार सुरू केला. यातली पुष्कळशी पुस्तके एका साच्यातली असतात, हे कबूल केले पाहिजे. देखणा, गडगंज, तुसडा नायक आणि त्याला माणसात आणणारी नायिका. विद्वानांनी नाके मुरडली त्याला कारण होते.

पण वाचणाऱ्या बायकांना कोणी विचारले होते का? जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी विचारले. पुस्तकांच्या एका दुकानाभोवती जमणाऱ्या वाचक बायकांशी त्या बोलल्या आणि १९८४ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना असे आढळले, की या बायकांच्या दृष्टीने काय वाचतो याच्याइतकेच वाचायला बसणे महत्त्वाचे होते. दिवसभर नवऱ्याचे, मुलांचे करायचे. पुस्तक हातात घेतले की तेवढा वेळ 'मला हाक मारू नका' असे न बोलता सांगता येते. आणि आणखी एक गोष्ट : त्यांतल्या कित्येक जणी पुस्तक घेण्याआधी शेवट वाचून पाहात! हे वाचताना मला पिठाचा डबा आठवला. माझ्या आत्याने जे चुलीपुढे सांगितले, ते समजायला मला सातासमुद्रापलीकडचा ग्रंथ वाचावा लागला.

आजच्या कादंबऱ्यांचे काय? त्या बदलल्या आहेत. टिया विल्यम्स या लेखिकेची 'सेव्हन डेज इन जून' ही २०२१ ची कादंबरी घ्या. न्यूयॉर्कमध्ये राहणारी ईव्हा ही कृष्णवर्णीय लेखिका एकटीने मुलगी वाढवते आहे आणि सततच्या डोकेदुखीने ग्रासलेली आहे. शाळकरी वयात सात दिवस भेटलेला मुलगा पंधरा वर्षांनी तिच्यापुढे उभा राहतो. तोही लेखक झालेला. दोघांनी आपापल्या पुस्तकांतून एकमेकांनाच लिहिलेले. इथे ना वाडा आहे, ना सरदार. दुखणे आहे, घराची जबाबदारी आहे, आणि तरीही प्रेमाला जागा आहे.

याहून महत्त्वाची मला कॉलीन हूवर यांची २०१६ ची 'इट एंड्स विथ अस' वाटते. लिलीच्या लहानपणी बाप आईला मारीत असे. मोठेपणी तिचा नवरा, चांगला शिकलेला शल्यविशारद, तोही हात उगारतो. माफी मागतो, पुन्हा उगारतो. दुसरी संधी, तिसरी संधी. मुलगी जन्माला आल्यावर लिली त्याला विचारते, ही उद्या तुझ्याकडे आली आणि नवरा मारतो म्हणाली, तर तू हिला काय सांगशील? उत्तर त्यालाही कळते. ती घटस्फोट घेते. दुसरी संधी मागणाऱ्या प्रत्येकाला ती देणे म्हणजे मोठे मन नव्हे, हे या कादंबरीने लाखो तरुण मुलींना सांगितले. कधी कधी बाईने दुसरी संधी स्वतःला द्यायची असते.

आता आपल्याकडे वळू. हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या सुमारास 'करमणूक' पत्रातून 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' ही कादंबरी लिहिली. तिच्यातील यमूचे पतीवर प्रेम आहे, त्याच्याजवळ ती लिहायला-वाचायला शिकते. पण तो जातो आणि घरचे लोक तिचे केशवपन करवतात. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता! कागदावर दार उघडे होते, घरात मात्र कडी लावलेली होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तर त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. दोघांचाही तो दुसरा डाव होता. पुढे त्या संसारातून काय उभे राहिले, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या मेळाव्यात एका बाईंनी मला विचारले, "सर, असली पुस्तकं वाचनालयात ठेवावीत का?" मी म्हणालो, शाळेच्या कपाटात ठेवू नका. आजच्या पुष्कळ प्रेमकादंबऱ्या प्रौढांसाठी आहेत, त्यांत शरीरसंबंधांची वर्णने असतात. पण गावच्या वाचनालयात जरूर ठेवा, आणि घेऊन जाणारीकडे बघून हसू नका. वरच्या वर्गातील मुलामुलींशी प्रेमकथेवर बोलायचे झाले, तर तीन प्रश्न विचारा. ही दोघे का दुरावली? मधल्या काळात कोण बदलले? आणि पुन्हा विचारणा झाली तेव्हा त्या मुलीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती का? ज्या पुस्तकात या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नव्हती' असे येते, ते पुस्तक गोड शेवटाचे असले तरी खोटे आहे. हे मुलांना कळले, की पुस्तकाबरोबर आयुष्यही थोडे वाचता येते.

ही पुस्तके स्वप्ने दाखवतात, हा आक्षेप खरा आहे. पण स्वप्न कशाचे, तेही पाहावे. राजवाड्याचे स्वप्न पाहणारी वाचक मला थोडी भेटली. बहुतेकींना हवे असते ते एवढेच, की एकदा चुकले किंवा फसले म्हणून माणूस निकालात निघू नये. कोणीतरी पुन्हा विचारावे.

आत्या जाऊन आता सहा वर्षे झाली. शेवटच्या दुखण्यात तिची नजर गेली होती, तेव्हा मीच तिला वाचून दाखवीत असे. 'पर्स्युएजन'ची गोष्ट मी तिला मराठीत सांगितली. सवयीप्रमाणे शेवट आधी. ॲनच्या उत्तरापाशी आलो तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या घरी मला कुणी विचारलंच नाही रे. मी नाही म्हटलंही असतं कदाचित. पण विचारायला हवं होतं."

श्रोतेहो, त्या घरात मीही होतो. मोठा झालो, शिकलो, दुसऱ्यांना साहित्य शिकवू लागलो, आणि मलाही ते कधी सुचले नाही. तुमच्या घरी, शेजारी अशी कोणी असेल तर तिला पुस्तक आणून द्याच. पण तिला काय हवे आहे, हेही एकदा विचारा.